एडीएचडी आणि तंबाखू, दोन्ही एकाच टोकनवर : क्लिनिकचा आठ महिन्यांचा रिव्ह्यू

आधी स्टार सांगून टाकतो, पाचपैकी चार. (एडीएचडी म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही, तो त्रास.) कापलेला एक स्टार वेटिंगचा. म्हणजे बघा ना, ज्या माणसाला दहा मिनिटं एका जागी बसवत नाही म्हणून तो डॉक्टरकडे आलाय त्यालाच तुम्ही दोन तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून ठेवता, समोर टीव्ही म्यूट आणि भिंतीवर पाटी, कृपया शांतता राखा. हा उपचार आहे का परीक्षा तेच कळेना.

क्लिनिकचं नाव टाकत नाही, कारण चांगलं-वाईट दोन्ही लिहायचंय आणि डॉक्टरांना विचारलेलं नाही. पिंपरी-चिंचवडमधलं आहे एवढं पुरे. एक सायकियाट्रिस्ट, एक सायकॉलॉजिस्ट मॅडम आणि एक समुपदेशक दादा जे स्वतः बऱ्याच वर्षांपूर्वी दारूतून बाहेर पडलेत. हे तिघं एकाच छताखाली आहेत हाच या जागेचा खरा प्लस पॉइंट, का ते पुढे सांगतो.

माझी थोडक्यात कुंडली. वय ४१, धंदा फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचा, तंबाखू अकरावीपासून, दिवसाला दोन पुड्या, सीझनला तीन. दारू शनिवारी, तीही दोन पेगच्या वर नाही (बायको वाचत असेल तर खरंच नाही). आपल्याकडे व्यसन म्हणलं की लोकांच्या डोळ्यासमोर दारू येते, मुक्तांगण येतं, तंबाखूला कोण व्यसन म्हणतंय, आमच्या गल्लीत तर हात पुढे केला की समोरचा आपणहून चिमूट टाकतो. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले २४ टक्क्यांच्या वर मोठे लोक बिनधुराची तंबाखू घेतात असं आलंय आणि ओढणारे ४ टक्केसुद्धा नाहीत. म्हणजे आपण सगळे मळणारेच.

तर मी गेलो होतो मुलासाठी. नऊ वर्षांचा आहे, शाळेतून तीन वेळा चिठ्ठी आली की वर्गात बसत नाही, पेपर अर्धा सोडून खिडकीतून बघत बसतो, हुशार आहे पण. डॉक्टरांनी त्याचं सगळं विचारून झाल्यावर पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "आणि बाबांचं काय?" मी म्हणलं माझं काय, मला फक्त ही तंबाखू सुटली तर बरं. तोपर्यंत मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट पन्नासदा फिरवला होता आणि बायको हसू दाबत होती. मग त्यांनी सांगितलं की एडीएचडी घराण्यात चालत येतो, जुळ्यांवर जे अभ्यास झालेत त्यांची सरासरी काढली तर अनुवंशाचा वाटा ७४ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणून मुलगा आला की ते आईबापाकडेही एक नजर टाकतातच.

आता माझा शहाणपणा ऐका. क्लिनिकची फी बघून (पहिली भेट १५००, नंतर ८००) मी घरी आलो आणि मोबाईलवर एक ॲप शोधलं. ४९९ रुपयात अडल्ट एडीएचडी असेसमेंट. सहा प्रश्न, मग बारा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आणि कॉल संपायच्या आत पीडीएफ आली, तुम्हाला एडीएचडी आहे. तंबाखू विचारली नाही, दारू विचारली नाही, झोप विचारली नाही, बीपी तर लांबच. ती पीडीएफ मी पुढच्या भेटीत ऐटीत डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी वाचली, परत दिली, म्हणाले हे सहा प्रश्न चांगलेच आहेत, जागतिक आरोग्य संघटनेच्या १८ प्रश्नांच्या फॉर्ममधले पहिले सहा आहेत, पण ती चाळणी आहे हो, चाळणीत अडकलं म्हणजे खडाच असेल असं नाही. तंबाखूची तलफ आलेल्या माणसाचंही लक्ष लागत नाही, रात्री चार तास झोपणाऱ्याचंही लागत नाही, थायरॉईड बिघडलेल्याचंही लागत नाही. सगळे त्या सहा प्रश्नांत पास होणार.

मग इथे काय केलं? पूर्ण १८ प्रश्नांचा फॉर्म दिला, बाहेर बसून भरा म्हणाले. मी नऊ भरले, तलफ आली, खाली गेलो, मळली, पानवाल्याशी क्रिकेटवर बोललो, एका कस्टमरचा फोन आला, त्याला बॅनरचा रेट सांगितला, पंचवीस मिनिटांनी वर आलो तर फॉर्म सापडेना. खुर्चीखाली होता. डॉक्टरांना खरं सांगितलं तर ते म्हणाले, भरलेल्या फॉर्मपेक्षा या पंचवीस मिनिटांनीच मला जास्त सांगितलं.

पण तेवढ्यावर शिक्का मारला नाही. मोठ्या माणसाला एडीएचडी म्हणायचं तर लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून असायला लागतात, मधेच चाळिशीत उगवत नाही. त्यासाठी आईला गावाहून फोनवर घेतलं आणि शाळेची प्रगतीपुस्तकं मागवली. आईने ट्रंकेतून काढून भाच्याकरवी फोटो पाठवले, तिसरी ते सातवी प्रत्येक वर्षी शेरा तोच, फक्त अक्षर वेगळं, "हुशार पण चंचल", "चंचल आहे", "चंचलता कमी करावी". जसं काही मी ती दुकानातून जास्त घेतली होती. आणि आई स्पीकरवर डॉक्टरांना काय म्हणाली माहितीये, "अहो हा दूध आणायला जायचा आणि संध्याकाळी किटलीशिवाय यायचा." केबिनमध्ये सगळे हसले. मला मात्र घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं, कारण त्या किटलीपायी मी किती मार खाल्लाय ते मलाच माहिती.

मॅडमकडे दोन सेशन झाली. बीपी, नाडी, ईसीजी, थायरॉईड झालं (माझ्या काकांना लवकर अटॅक आलेला म्हणून ईसीजी). आणि निष्कर्ष, एडीएचडी आहे, आणि निकोटीनचं व्यसनही आहे, दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळे उपचार, पण बरोबर चालवायचे. डॉक्टर म्हणाले की व्यसनाच्या उपचाराला येणाऱ्या लोकांमध्ये एडीएचडी शोधणारे बरेच अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी आकडा काढला, २३ टक्के. म्हणजे व्यसनमुक्तीच्या खोलीत चार माणसं बसली असतील तर त्यातला जवळपास एक असा, आणि बहुतेकदा त्याला कोणी विचारलेलंच नसतं. माझ्या डोक्यात लगेच आमच्या वाडीतली चारपाच माणसं आली. असो.

इथे बायकोने जो प्रश्न विचारला तो कुठल्याही घरात विचारला जाणारच म्हणून सविस्तर लिहितो. डॉक्टरांनी मिथाईलफेनिडेटचं, म्हणजे एडीएचडीवरच्या गोळीचं, नाव काढलं, मुलासाठीही आणि माझ्यासाठीही, आणि हिने घरी गूगल केलेलं. म्हणाली, "डॉक्टर, ही तर नशेच्या औषधांच्या यादीत आहे, एक सोडवायला दुसरी लावताय का? आणि पोराला आत्तापासून?"

डॉक्टर चिडले नाहीत, हे मला आवडलं. खुर्ची पुढे ओढून बसले आणि सांगायला लागले, बाहेर टोकन नंबर २३ शिव्या देत असणार. म्हणाले, प्रश्न बरोबर आहे आणि जुना आहे. ही सगळी भानगड सुरू झाली १९३७ साली, अमेरिकेत ऱ्होड आयलंडला चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर होते, त्यांनी डोकेदुखीवर उपाय म्हणून मुलांना बेन्झेड्रीन म्हणजे ॲम्फेटामाईन देऊन बघितलं, डोकेदुखीचं जाऊ दे पण ३० पैकी १४ मुलांचा अभ्यासच सुधारला, मुलं त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणायची. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत होतं हे तेव्हापासून माहिती आहे, का होतं ते कळायला पुढची पन्नास-साठ वर्षं गेली. नोरा व्होल्को म्हणून संशोधक आहेत, २००३ मध्ये अमेरिकेच्या सरकारी व्यसन संशोधन संस्थेच्या प्रमुख झाल्या, त्यांच्या टीमने मेंदूचे पेट (PET) स्कॅन काढून दाखवलं की मिथाईलफेनिडेट आणि कोकेन दोघंही मेंदूत एकाच जागी जाऊन बसतात, डोपामिन नावाचं मेंदूतलं रसायन परत खेचून घेणाऱ्या पंपावर. इथे बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी तुम्हाला सांगितलं नव्हतं का. पण पुढचं ऐका. फरक वेगाचा आहे. ओढलेलं किंवा शिरेतून घेतलेलं कोकेन मेंदूत काही मिनिटांत शिखर गाठतं आणि झटका बसतो, तोंडाने घेतलेल्या गोळीला तासभर लागतो, ती हळू चढते आणि हळू उतरते, त्यामुळे झिंग येत नाही. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसात गिळली तर औषध, आणि कुटून नाकात ओढली तर नशा, हेही त्यांनी स्पष्टच सांगितलं. लपवालपवी नाही.

याच बाईंच्या टीमचा २००९ चा अभ्यास, कधीच औषध न घेतलेली एडीएचडीची ५३ मोठी माणसं आणि एडीएचडी नसलेली ४४, दोघांचे स्कॅन. एडीएचडीवाल्यांच्या मेंदूत बक्षिसाचा जो रस्ता असतो, म्हणजे काम केलं की बरं वाटणं वगैरे, तिथल्या डोपामिनच्या खुणा कमी सापडल्या. मला हे ऐकून जीएसटीचं रिटर्न आठवलं. दर महिन्याला मला ते भरताना अंगात ताप आल्यासारखं होतं आणि तंबाखूचा बार लावल्याशिवाय पहिली एंट्री पडत नाही. डॉक्टर म्हणाले तेच, निकोटीन थोडा वेळ लक्ष जागं करतं, तुम्ही अकरावीपासून स्वतःच स्वतःचं औषध मळताय, फक्त डोस चुकीचा आणि औषधही चुकीचं. खान्टझियन नावाच्या सायकियाट्रिस्टने १९८५ मध्ये हाच विचार मांडला होता म्हणे, की माणूस कुठली नशा धरतो ते आत काय दुखतंय त्यावरून ठरतं. मला हे पटलंही आणि थोडं सोयीचंही वाटलं. समुपदेशक दादांना सांगितलं तर ते म्हणाले, भाऊ, कारण सापडलं म्हणून पुडी फुकट मिळणारे का?

पोराच्या बाबतीत उत्तर असं मिळालं. लहानपणी ही औषधं घेतलेल्या मुलांना पुढे व्यसन जास्त लागतं का यावर २०१३ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून बघितलं, उत्तर आलं ना जास्त ना कमी. स्वीडनमध्ये २०१४ ला सरकारी नोंदी तपासल्या तर औषध घेणाऱ्यांत पुढे व्यसनाचे प्रकार ३१ टक्के कमी दिसले, पण डॉक्टर स्वतःच म्हणाले की नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही, जे औषध नीट घेतात त्यांच्या घरचं लक्षही असतं, त्याचाही फरक असेल. जो डॉक्टर आपल्याच बाजूच्या आकड्याला खोट काढतो त्याच्यावर माझा विश्वास बसतो. बायकोचाही बसला, कारण घरी येताना तिने रिक्षात फक्त एवढंच विचारलं की गोळी जेवणाआधी का नंतर.

आता गोळी मिळवणं. हा स्वतंत्र खेळ आहे. औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांच्या सरकारी यादीत येतं, त्याला मेडिकलवाल्याकडे वेगळं लायसन लागतं, प्रिस्क्रिप्शन दोन प्रतीत आणि त्यातली एक तो ठेवून घेतो. मला पहिल्या महिन्यात सात मेडिकल फिरावी लागली. एकाने तर चिठ्ठी बघून माझ्याकडे असं बघितलं की मी काय चोरीचा माल विकायला आलोय. कायदा कडक असावाच पण विसरभोळ्या माणसाला दर महिन्याला नवीन चिठ्ठी, दोन प्रती, ठराविक दुकान आणि ठराविक तारीख, यात क्लिनिकने जरा मदत करावी, निदान कुठल्या मेडिकलमध्ये मिळतं त्याची यादी रिसेप्शनला लावावी. मी सांगितलंय, अजून लागलेली नाही.

आणि गोळीने काय झालं ते खरं सांगतो. १८ मिलिग्रॅम, हळूहळू सुटणारी, सकाळी एक. चौथ्या दिवशी एका पत्रिकेचं प्रूफ मी उठल्याशिवाय पूर्ण तपासलं, तीन चुका सापडल्या, त्यातली एक नवरीच्या नावात. आयुष्यात पहिल्यांदा कस्टमरच्या आधी मला सापडली. पण तंबाखू? तंबाखू वाढली! दोनच्या जागी अडीच पुडी. मी घाबरून फोन केला तर डॉक्टर म्हणाले बोललो होतो ना, लॅबमधल्या प्रयोगांतही मिथाईलफेनिडेट दिल्यावर लोक काही तास जास्त सिगरेट ओढतात असं दिसलंय. खरंच बोलले होते, मी विसरलो होतो. आणि अजून एक कटू गोष्ट, अमेरिकेत एडीएचडी असलेल्या २५५ सिगरेटवाल्यांवर ट्रायल झाली, सगळ्यांना निकोटीनचे पॅच आणि समुपदेशन, अर्ध्यांना वरून हीच गोळी. २०१० मध्ये निकाल आला, एडीएचडी सुधारला पण सिगरेट सुटणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच. दारूचंही साधारण असंच, ॲटोमॉक्सेटीन या एडीएचडीच्याच दुसऱ्या औषधावर २००८ मध्ये १४७ जणांचा अभ्यास आहे, लक्ष सुधारलं, जास्त पिण्याचे दिवस कमी झाले, पण परत पहिला ग्लास उचलायचं काही लांबलं नाही.

म्हणून हे क्लिनिक मला महाग वाटत नाही. ॲपवाल्याने गोळी लिहिली असती आणि मी वाट बघत बसलो असतो की आता तंबाखू आपोआप सुटेल, मग नाही सुटली की दोन्ही बंद. इथे गोळी चालू झाल्यावर तीन आठवड्यांनी तंबाखू सोडायची तारीख ठरवली, निकोटीन गम दिला (२ मिलिग्रॅमचा, तो चिठ्ठीशिवाय मिळतो), आणि तो कसा खायचा हे दादांनी शिकवलं, चॉकलेटसारखा चावत बसायचा नाही, चार-पाचदा चावा, झणझणलं की गालात सरकवून ठेवा. गालात ठेवायची प्रॅक्टिस आपल्याला पंचवीस वर्षांची, त्यात मी पहिला नंबर. गुरुवारी संध्याकाळी ग्रुप असतो, आम्ही आठ-नऊ जण, सगळे दोन्हीवाले. त्यात मॅडम व्यसनाचं आणि एडीएचडीचं एकत्र घेतात, तलफ आली की काय करायचं आणि दिवसाची यादी कशी करायची हे एकाच वहीत. ॲमस्टरडॅममध्ये असं एकत्र घेऊन बघितलंय, ११९ पेशंट, २०१९ मध्ये छापून आलं, एकत्र घेतल्यावर एडीएचडी जास्त सुधारला, व्यसनात मात्र नेहमीच्या पद्धतीइतकाच फरक पडला. मॅडमनी हेही आम्हाला पहिल्याच गुरुवारी सांगून टाकलं. ग्रुपमधला एक रिक्षावाला म्हणाला मॅडम तुम्ही आमचा उत्साह वाढवताय का मारताय.

माझी एक शंका अजून आहे, ती नोंदवतो. हे जे सगळे प्रयोग ऐकले ते सिगरेटवाले, कोकेनवाले, गोरे लोक. चुना लावून मळणाऱ्या माणसावर कोण बघणार? डॉक्टर म्हणाले निकोटीन ते निकोटीनच, पण मळण्याची क्रिया वेगळी. ती दोन मिनिटं हाताला काम असतं, डोक्याला सुट्टी असते, सोबत कोणीतरी असतं. गमने निकोटीन मिळालं पण हाताचं काय. त्यावर दादांनी मला भुईमुगाच्या शेंगा ठेवायला सांगितल्या. फोडा, चोळा, फुंका, खा. हसू नका, माझ्या बाबतीत गोळीनंतर सगळ्यात जास्त उपयोग शेंगांचा झाला, दुकानात टरफलांचा ढीग होतो एवढंच.

स्कोअर असा. आठ महिन्यांत दोनदा घसरलो. एकदा गणपतीच्या आधी, मंडळांचे फ्लेक्स, चार रात्री जागरण, पाचव्या रात्री ऑपरेटरने हात पुढे केला आणि मी घेतली, दहा दिवस चालली. दुसऱ्यांदा मेव्हण्याच्या लग्नात, एकच दिवस. दोन्ही वेळा इथे कोणी लेक्चर दिलं नाही, फक्त विचारलं, त्या दिवशी गोळी घेतली होती का, झोप किती झाली होती, जेवला होता का. गणपतीत तिन्हीची उत्तरं नाही होती.

तक्रारी अजून. रिसेप्शनवरची मुलगी हॉलमध्ये मोठ्याने ओरडते, "व्यसनवाले कोण आहेत, आत या." अगं बाई, माझा कस्टमर बसलाय समोर. माहितीपत्रकं सगळी इंग्रजीत, एक मराठीत नाही, मीच फुकट छापून देतो म्हणालो तर मजकूर पाठवतो म्हणाले, अजून मजकूर आलेला नाही (मला वाटतं तिथे आणखी एका फाईलची गरज आहे). भूक मरते गोळीने, ते आधी नीट सांगायला हवं होतं, माझं पाच किलो वजन गेलं, पोराचा डोस त्यामुळे बदलावा लागला, आता दर महिन्याला त्याची उंची-वजन लिहितात. विम्यात ओपीडीचे पैसे मिळत नाहीत, मला तरी नाही मिळाले. पार्किंग नाहीच.

ज्यांना एवढा खर्च जमत नाही त्यांच्यासाठी, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि तंबाखूसाठी सरकारी क्विटलाईन १८००-११-२३५६. मी पहिल्या घसरणीला रविवारी १४४१६ ला फोन केला होता, क्लिनिक बंद होतं म्हणून, पलीकडच्या ताईंनी वीस मिनिटं ऐकून घेतलं.

जाणार असाल तर शाळेची जुनी प्रगतीपुस्तकं आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या पहिल्याच दिवशी घेऊन जा, एक फेरी वाचेल. जमलं तर ज्याने तुम्हाला लहानपणी पाहिलंय त्याला सोबत न्या किंवा फोनवर तयार ठेवा. टोकन सकाळी साडेनऊला वाटतात, नऊला गेलात तर पहिल्या पाचात येता. सोमवारी जाऊ नका, सोमवारी एमआर लोकांची (औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींची) रांग असते. आणि खिशात शेंगा ठेवा, पण टरफलं खुर्चीखाली टाकू नका, आता ती पाटी पण लागलीये आणि ती बहुतेक माझ्यामुळेच.